चौलचा हमरस्ता

अलिबागहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता अक्षी आणि नागाव मागे टाकून चौलात शिरतो, तेव्हा उन्हाचा ताप एकदम उतरतो. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, गडग्यांच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीच्या पोटात कौलारू घर आणि घरामागे विहीर, हा देखावा बराच वेळ सोबत करतो. पोफळीच्या सरळ खोडांमधून आलेल्या प्रकाशाच्या तिरिपी डांबरावर पडलेल्या असतात. मग नाका येतो. किराणा, औषधे, कापड, भांडी यांची जुनी दुकाने आणि त्यांच्याच ओळीत अलीकडे लागलेल्या 'घरगुती जेवण', 'राहण्याची सोय' अशा पाट्या. पुढे थोड्याच अंतरावर रेवदंडा, तेथील किल्ल्याचा तट आणि कुंडलिकेची खाडी.

एरवी हा रस्ता शांत असतो. शनिवार-रविवारी मात्र त्याचे रूप पालटते. मुंबई-पुण्याच्या मोटारी एकामागे एक उभ्या राहतात, एस.टी. अडकते, दुकानदाराला समोरच्या बाजूला जायचे तर वाट पाहावी लागते. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारीसकट माणसे आणणारी रो-रो सेवा २०२० मध्ये सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी आणि न्हावाशेवा यांना जोडणारा, सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला. मुंबई जवळ आली आणि तिच्याबरोबर जमिनीचा भावही आला. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाची चर्चा तर बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून कोकणाला परिचित आहे. आता त्या मार्गावरील खाड्यांवर मोठे पूल बांधण्याचे काम राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहे.

त्यामुळे रस्त्याकाठच्या घरांतून सध्या एकच विषय बोलला जातो. आजोबांनी बांधलेले दुकान पाडून तीन मजली इमारत उभारावी का? वाडी विकावी की तिच्यात खोल्या बांधाव्यात? रस्ता रुंद झाला तर ओटा जाईल, आणि रस्ता गावाबाहेरून गेला तर गिऱ्हाईक जाईल. मग करावे काय? हा प्रश्न चौलला नवा नाही. या गावाचा बाजार याआधीही हलला आहे, आणि तो कसा हलला हे पाहिल्यावर आजच्या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी थोडी स्वच्छ होते.

चेमूल, सैमूर, चौल

पहिल्या शतकात लिहिल्या गेलेल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांच्या यादीत 'सेमिल्ला' हे नाव आहे. दुसऱ्या शतकातील भूगोलवेत्ता टॉलेमी त्याला 'सिमिल्ला' म्हणतो. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतील दानलेखांत चेमूल गावाचा उल्लेख सापडतो, आणि दात्याचा व्यवसाय 'हेरणिक' असा दिलेला आहे. हेरणिक म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणारा. दोन हजार वर्षांपूर्वी चौलला सराफी होती आणि त्या सराफीतून दूरच्या लेण्याला दान जात होते, असा त्याचा अर्थ.

इ. स. ९१६ च्या सुमारास बगदादचा प्रवासी अल्-मसूदी येथे आला. तो गावाला 'सैमूर' म्हणतो. कोकणात त्या वेळी शिलाहारांची सत्ता होती आणि झंझ राजा गादीवर होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद अशा ठिकाणांहून येऊन स्थायिक झालेले आणि येथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान या गावी राहतात, असे तो नोंदवतो. त्यांच्या तंट्यांचा निवाडा करण्यासाठी त्यांच्यातीलच एक प्रमुख राजाने नेमलेला होता. परक्या व्यापाऱ्याला घर, पूजेची मोकळीक आणि निवाड्याची हमी मिळाली की बंदर कसे भरते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

पंधराव्या शतकात अफनासी निकीतिन हा रशियन व्यापारी चौलच्या किनाऱ्यावर उतरला. वास्को द गामा येण्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधीची ही गोष्ट. त्याच्याबरोबर विकण्यासाठी आणलेला एक घोडा होता. तो घोडा घेऊन तो घाट चढून जुन्नरला आणि पुढे बिदरला गेला. चौलचा व्यापार कसा चालत होता, हे या एका प्रवासावरून स्पष्ट होते. समुद्रापलीकडचा माल येथे उतरायचा, बैलांच्या पाठीवर घाट चढायचा आणि देशावरचे कापड व धान्य त्याच वाटेने खाली यायचे. चौलचा हमरस्ता त्या काळी समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधला दुवा होता. निकीतिनच्या स्मरणार्थ रेवदंड्यात एक स्तंभ उभारलेला आहे.

येथे केवळ माल उतरत नव्हता, तो तयारही होत होता. चौलचे रेशमी आणि सुती कापड पोर्तुगीज काळात परदेशी जात असे. विणकर, रंगारी, सुतार, सोनार यांची वस्ती म्हणजे गावाचे खरे भांडवल होते.

एक गाव, दोन बाजार

मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरात यांच्या संयुक्त आरमाराशी पोर्तुगिजांची लढाई झाली आणि त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेइदा तीत मारला गेला. तरीही पोर्तुगीज टिकून राहिले. अहमदनगरच्या निजामशाहाच्या परवानगीने १५२१ मध्ये त्यांनी खाडीच्या मुखाशी किल्ला बांधावयास घेतला. तेव्हापासून चौल दोन झाले. वरचे चौल निजामशाहीचे, तर खालचे म्हणजे आजचे रेवदंडा पोर्तुगिजांचे. जकातीची दोन ठाणी, दोन कायदे, दोन बाजार. १५७० - ७१ मध्ये निजामशाही फौजांनी पोर्तुगीज चौलला दीर्घ वेढा घातला, परंतु किल्ला पडला नाही. पुढे १५९४ मध्ये खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगरही पोर्तुगिजांनी घेतला.

रेवदंड्याच्या तटाच्या आत आज वाड्या आहेत. जेथे मठ, चर्च आणि सावकारांची घरे होती, तेथे माड उभे आहेत. 'सातखणी' या नावाने ओळखला जाणारा मनोरा अर्धा कोसळला असला तरी झाडांच्या शेंड्यांवरून अजून दिसतो. पाहुणा तेथे छायाचित्र काढून पुढे जातो. व्यापारी माणसाने मात्र क्षणभर थांबावे, कारण इतक्या भक्कम भिंतींच्या आतला बाजार शत्रूच्या तोफांनी मोडला नाही. १७४० मध्ये मराठ्यांनी हे ठाणे तहाने ताब्यात घेतले, तेव्हा बाजार बराचसा आधीच उठून गेलेला होता.

तो कोठे गेला? सुरतेला आणि मुंबईला. १६६८ मध्ये मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आले. त्यानंतर कंपनीच्या अधिकाऱ्यांनी चौलच्या विणकरांना मुंबईस येऊन राहण्याचे उत्तेजन दिले आणि त्यांच्या वस्तीसाठी कस्टम हाउसपासून किल्ल्याकडे जाणारा एक रस्ता आखण्याचा हुकूम केला. मुंबईच्या इतिहासातील ही छोटीशी नोंद चौलच्या दृष्टीने फार मोठी आहे. चौलच्या हमरस्त्यावरचा कारागीर उठला आणि मुंबईच्या नव्या रस्त्यावर जाऊन बसला. कोणी त्याला जबरदस्तीने नेले नव्हते. येथे युद्धे, दुहेरी जकाती आणि दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचे लहरी हुकूम होते. तिथे घराला जागा, धर्माला मोकळीक आणि मालाला मोठे बंदर होते. आजही महाराष्ट्रात 'चौलकर' आणि 'चेऊलकर' ही आडनावे आढळतात. त्या घराण्यांनी गाव सोडले, परंतु गावाचे नाव बरोबर नेले.

बाजार गेल्यावर जे मागे उरले ते वाड्यांनी सांभाळले. विहिरीचे गोडे पाणी, रहाट, पाट आणि माणसाचे कष्ट यांवर नारळ, सुपारी, केळी, विड्याची पाने पिकत राहिली. थळ-किहीमपासून रेवदंड्यापर्यंतचा हा पट्टा 'अष्टागर' म्हणून ओळखला जातो. आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानाचा तो कणा होता आणि १८४० मध्ये संस्थान खालसा झाल्यावरही वाड्या तशाच राहिल्या. ज्या गावाचे बंदर गेले, कारागीर गेले, सत्ता गेल्या, ते गाव उजाड झाले नाही याचे श्रेय या वाड्यांना आहे. आजचा पाहुणा ज्या सावलीसाठी येतो, ती सावली म्हणजे चौलने मोडत्या काळात राखलेली ठेव आहे.

रुंद रस्ता की बाहेरचा रस्ता

आता सध्याच्या प्रश्नाकडे वळावे. वाढती वाहने सामावून घेण्याचे दोन मार्ग असतात. एक तर गावातला रस्ता रुंद करणे, किंवा वाहतूक बाहेरून काढणे. दोन्हींची भीती दुकानदाराला सारखीच वाटते, आणि ती खोटी नाही.

रस्ता रुंद झाला तर ओटा, पडवी आणि कधी कधी दुकानाची निम्मी खोली जाते. गडगा मागे सरकतो, आणि त्यासाठी पोफळीच्या पहिल्या दोन रांगा तुटतात. रस्त्यावरचे ऊन वाढते. मोटारी अधिक वेगाने जातात, म्हणजे कमी थांबतात. महाराष्ट्रातील कितीतरी गावांनी हा अनुभव घेतला आहे. रस्ता मोठा झाला आणि त्याच्या दोन बाजू एकमेकींना परक्या झाल्या. म्हातारे माणूस पलीकडच्या दुकानात जाईनासे झाले.

बाहेरून जाणाऱ्या रस्त्याची भीती वेगळी आहे. जो प्रवासी आज नाइलाजाने नाक्यावर थांबतो, तो उद्या थांबणारच नाही. ही भीतीही रास्त आहे; परंतु येथे एक हिशेब नीट करावा लागतो. कोंडीत अडकलेली मोटार आणि दुकानात आलेले गिऱ्हाईक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रविवारी दुपारी नाक्यावर उभ्या असलेल्या शंभर मोटारींपैकी कितींतून माणूस खाली उतरतो, हे दुकानदाराला कोणी सांगावे लागत नाही. मोटार लावायला जागा नाही, चालायला कड नाही, उभे राहायला सावली नाही, म्हणून तो काच वर करून बसून राहतो. चालणारा माणूस दुकानात शिरतो, चाकावरचा माणूस पुढे जातो.

दिल्लीच्या चांदणी चौकाने अलीकडे हा प्रयोग करून पाहिला. शाहजहानची कन्या जहानआरा हिने सतराव्या शतकात वसवलेला हा बाजार लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत साधारण सव्वा किलोमीटर आहे. त्याच्या पूर्वेच्या टोकाला श्री दिगंबर जैन लाल मंदिर आणि तेथील पक्ष्यांचे रुग्णालय आहे, त्यामुळे अनेक यात्रेकरूंना तो परिचित असेल. २०२१ मध्ये त्याचे नूतनीकरण झाले. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी झाली, डोक्यावरच्या तारा जमिनीखाली गेल्या, चालण्यासाठी रुंद फरसबंदी झाली. बाजारात फिरणे सुखाचे झाले. तक्रारीही उरल्या. मालाची चढ-उतार अवघड झाली, मोकळ्या केलेल्या जागेवर पुन्हा अतिक्रमणे होऊ लागली, देखभालीचे सातत्य राहिले नाही. धडा दोन्ही बाजूंनी घ्यावा. रस्ता माणसांना परत देता येतो, पण नंतर तो रोज सांभाळावा लागतो, आणि तो सांभाळण्यात दुकानदारांचा हात नसेल तर सरकारी फरसबंदी फार काळ टिकत नाही.

चौल हे चांदणी चौक नव्हे. येथे सव्वा किलोमीटर बाजार नाही आणि लाखोंची गर्दीही नाही. परंतु मूळ विचार येथेही लागू पडतो. लांब पल्ल्याची वाहतूक बाहेरून जावी, नाक्यालगत मोटारी लावण्याची एक सोय व्हावी, आणि नाका ते रामेश्वर एवढा टप्पा तरी माणसाला निर्धास्त चालता यावा. रामेश्वराचे जुने देऊळ आणि त्याच्यासमोरची पुष्करणी हे या गावाचे हृदय आहे. देवळातील पर्जन्य, अग्नी आणि वायू या तीन कुंडांपैकी पर्जन्यकुंड अवर्षणात उघडण्याची प्रथा आहे. पुष्करणीच्या पायरीवर तासभर बसलेला पाहुणा परतताना नारळ घेईल, सुपारी घेईल, मुलांसाठी खाऊ घेईल. भोवाळ्याच्या डोंगरावर सातशेहून अधिक पायऱ्या चढून दत्तदर्शन घेऊन आलेला भाविकही तसाच. दत्तजयंतीला तेथे भरणारी पाच दिवसांची यात्रा हा तर गावचा जुना बाजारच आहे. त्या पाच दिवसांत डोंगराच्या पायथ्याला जी उलाढाल होते, ती सर्व पायी चालणाऱ्या माणसांच्या जिवावर होते.

इमारतीआधी माणसे

जुन्या बाजाराच्या पुनर्बांधणीचे दुसरे मोठे उदाहरण मुंबईतच आहे. भेंडी बाजाराच्या पुनर्विकासासाठी दाऊदी बोहरा समाजाने २००९ मध्ये एक न्यास स्थापन केला. सुमारे साडेसोळा एकर जागा, अडीचशेच्या आसपास जीर्ण इमारती, तीन हजारांहून अधिक कुटुंबे आणि बाराशेपन्नासच्या जवळपास दुकाने, एवढा पसारा एकत्र बांधून घेण्याचे काम त्याने अंगावर घेतले. त्याला अनेक वर्षे लागली आहेत. उंच मनोऱ्यांनी जुन्या मोहल्ल्याचा स्वभाव बदलेल, अशी टीकाही झाली. तरी त्यातील एक तत्त्व व्यापारी समाजांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. एकेकट्याने विकासकाशी सौदा करण्याऐवजी सर्वांनी मिळून योजना केली, पाडकामाआधी कुटुंबांच्या आणि दुकानांच्या तात्पुरत्या जागेची व्यवस्था केली, आणि भाडेकरूला मालकीची जागा देण्याचे ठरवले.

चौलला मनोऱ्यांची गरज नाही आणि येथील भूमी ते सोसणारही नाही. किनाऱ्याजवळच्या विहिरीचा हिशेब नाजूक असतो. गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा वाढला की खारे पाणी आत सरकते आणि पोफळ प्रथम पिवळी पडते. प्रत्येक वाडीत दहा-बारा खोल्या उठल्या, प्रत्येक खोलीला स्नानगृह आले आणि सांडपाण्याचा खड्डा विहिरीजवळ खणला गेला, तर पाहुण्याला ज्या हिरवाईचे आमिष दाखवले तीच सुकून जाईल. दुकान पाडून वरती खोल्या बांधणाऱ्याने हिशेबात विहीर धरली पाहिजे. ती वहीत कोठेच दिसत नाही, पण सर्व भांडवल तिच्यावर उभे असते.

३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने हे आणखी स्पष्ट केले. रायगडच्या किनाऱ्यावर एका दिवसात असंख्य माड आणि पोफळी आडव्या झाल्या. नवे झाड लावले तर फळ धरायला पाच ते सात वर्षे लागतात. ज्या घराचे वर्षाचे उत्पन्न वाडीवर होते, त्याला तेवढी वर्षे थांबणे कठीण गेले, आणि नेमक्या त्याच काळात जमिनीला गिऱ्हाईक येऊ लागले. ज्यांनी विकले त्यांना दोष देता येणार नाही. परंतु संकटात केलेला सौदा आणि विचाराने केलेला सौदा यांचा भाव सारखा नसतो, हे व्यापारी माणूस जाणतो.

कागद, कुटुंब आणि हद्द

रस्त्याकाठची मालमत्ता हातातून निसटते ती बहुधा तीन कारणांनी. पहिले कारण कागद. आजोबांच्या नावावरचा सात-बारा, वारसनोंद न झालेले चुलते, घराचा ग्रामपंचायतीकडील उतारा वेगळ्या नावाने आणि जमीन वेगळ्या नावाने. रस्त्यासाठी भूसंपादन झाले तर २०१३ च्या कायद्याने मोबदल्याचा आणि पुनर्वसनाचा हक्क दिला आहे. पण हक्क कोणाचा हेच ठरलेले नसेल, तर मोबदला न्यायालयात अडकतो आणि दुकान मात्र जाते. वारसनोंद ही घरातील शांततेच्या दिवसांत करून घ्यावयाची गोष्ट आहे.

दुसरे कारण हद्द. राज्यमार्गालगत बांधकामासाठी इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा ठरलेल्या असतात. त्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे पाहून घेतल्याशिवाय एकही वीट रचू नये. समुद्र आणि खाडीजवळ किनारा नियमन क्षेत्राचे २०१९ चे नियम लागू आहेत. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मज्जाव आहे, दाट वस्तीच्या भागात ही मर्यादा ५० मीटर आहे. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि पुढील २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. चौल-रेवदंडा परिसरात जुने अवशेष पावलोपावली आहेत. हे नियम पुष्कळांना जाचक वाटतात. परंतु बाहेरचा मोठा विकासक आणि गावचा लहान दुकानदार यांना एकाच रेषेवर उभे करणारे नियम तेवढेच आहेत, हेही विसरू नये.

तिसरे कारण कुटुंबातील न बोललेली गोष्ट. थोरला मुलगा दुकान पाहतो, धाकटा पुण्याला नोकरी करतो, बहिणीचाही वाटा असतो. ज्याला दुकान चालवायचे आहे त्याला ते राखायचे असते, ज्याला परत यायचे नाही त्याला पैसा हवा असतो. दोघेही चूक नसतात. अशा वेळी दलाल घरात येण्याआधी वडीलधाऱ्यांनी सर्वांना एकत्र बसवून वाट काढावी. दुकान एकाकडे, वाडीचे उत्पन्न वाटून, विकावयाचा तर रस्त्यापासून दूरचा तुकडा, अशा कितीतरी तोडी निघू शकतात. दर्शनी जागा एकदा गेली की ती पिढीत परत मिळत नाही.

वाढ कोणती

चौलच्या हमरस्त्यावर वाढीला वाव आहे, यात शंका नाही. मुंबईची माणसे येत राहणार, त्यांना राहायला आणि जेवायला जागा लागणार. शाकाहारी आणि चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाला सूर्यास्तापूर्वी शुद्ध जेवण मिळेल अशी सोय किनाऱ्यावर सहज सापडत नाही. ज्या घराला ती करता येईल, त्याचा धंदा आणि पाहुण्याचे समाधान दोन्ही होईल. वाडीची सुपारी, वालाची डाळ, नारळाचे तेल, कोकमाचे आगळ नीट निवडून, तोलून, बांधून दिले तर मोटारीतील माणूस पुढल्या खेपेला त्याच दुकानापाशी थांबेल. रेवदंड्याचा तट, बेने इस्रायली समाजाचे सभास्थान, चौलचा हमामखाना, पलीकडचे कोर्लई आणि तेथे अजून बोलली जाणारी पोर्तुगीज-मिश्रित बोली, एवढे वैभव पायाखाली असताना पाहुणा केवळ समुद्रात पाय भिजवून परत जातो. गावातील शिकलेल्या मुलामुलींनी ही स्थळे दाखवण्याचे काम हाती घेतले, तर एका दिवसाचा पाहुणा दोन दिवस राहील. या सर्वांना मजले चढवावे लागत नाहीत.

ज्यांना बांधावेच लागेल त्यांनी उतरते छप्पर, पुढे पडवी, दुकानासमोर दोन माणसे बसतील एवढा ओटा आणि मागे झाडे राखून बांधावे. शेजाऱ्यांनी दुकानांची उंची आणि पुढची ओळ एकमताने ठरवावी. कचरा, पाणी, मोटारींची जागा यासाठी व्यापाऱ्यांनी ग्रामपंचायतीबरोबर बसावे. महामार्गाची आखणी अंतिम होण्याआधी हरकती आणि सूचना मागवल्या जातात, तेव्हा त्या लेखी द्याव्यात. नंतर केलेली तक्रार रस्त्याची दिशा बदलत नाही.

कंपनीच्या अधिकाऱ्यांनी मुंबईत रस्ता आखला आणि चौलचा विणकर तेथे गेला, कारण त्याला त्याच्या गावाने थांबण्याचे कारण दिले नाही. आज मुंबईचा माणूस चौलला येतो आहे. साडेतीनशे वर्षांनी वाहणे उलटे सुरू झाले आहे, आणि येणारा माणूस सावली, गोडे पाणी आणि मोकळा श्वास शोधत येतो. त्याला येथे मुंबईच्याच रस्त्याची नक्कल भेटली, तर तो आणखी दक्षिणेकडे जाईल. बाजार असा जातो, हे चौलला माहीत आहे.

संध्याकाळी मोटारींची रांग ओसरते. नाक्यावरची दुकाने दिवे लावतात, दिवसाचा गल्ला मोजला जातो, पलीकडच्या वाडीत पंप बंद होतो आणि पाटातले पाणी शेवटच्या पोफळीपर्यंत पोचून थांबते. दुकान आणि वाडी यांचा एकत्र जमाखर्च या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ठेवला आहे. पुढच्या वहीतही ती दोन्ही खाती राहावीत, एवढे पाहणे या पिढीच्या हाती आहे.